कर दोनदा का भरायचा?

दिवाळीत नरडाण्यात एक चक्कर मारली की दारापुढे उभ्या गाड्यांवर निम्म्या देशाचे नंबर दिसतात. जीजे-०५ सुरतेचा, एमपी-०९ इंदूरचा, एमएच-१२ पुण्याचा आणि आपला घरचा एमएच-१८. यात नवल काहीच नाही. उधना-जळगाव रेल्वे गावातून जाते, मुंबई-आग्रा हायवे गावाला लागून आहे. खानदेशातला माणूस पोटासाठी सुरतेला जातो, इंदूरला जातो, चार पैसे साठले की गाडी घेतो. पुढे आई-वडील थकले की गावी परततो. सरकारच्या लेखी मात्र माणूस परत आला तरी गाडी परदेशीच राहते!

आता कायदा काय म्हणतो बघा. मोटार वाहन कायदा १९८८. कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर नोंदलेली समजावी. वा! पुढचंच कलम ४७ सांगतं की गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या. म्हणजे एका कलमाने दिलं ते दुसऱ्याने वर्षभरात काढून घेतलं. कर्नाटकाने तर २०१४ साली कर वसुलीसाठी हे वर्षही ३० दिवसांवर आणलं होतं. २०१६ साली तिथल्या हायकोर्टाने ते रद्द ठरवलं म्हणून बरं.

याची गंमत नकाशावर बघा. नरडाण्याचा माणूस गाडी घेऊन थेट गडचिरोलीला राहायला गेला तर फक्त आरसी बुकावरचा पत्ता बदलायचा, नंबर तोच राहतो. तोच माणूस शिरपूर ओलांडून सेंधव्याला गेला, म्हणजे जेमतेम दीड तासाच्या वाटेवर, तर नंबर बदला, नंबर प्लेट बदला, विम्यात नवा नंबर चढवा, फास्टॅग बदला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र वेगळं आणा. लायसनला यातलं काही लागत नाही. धुळ्यात काढलेलं लायसन देशभर चालतं. पीयूसीही देशभर चालते. म्हणजे चालवणारा भारताचा, धूर भारताचा, फक्त गाडी तेवढी महाराष्ट्राची किंवा गुजरातची.

हे सगळं कशासाठी? सुरक्षेसाठी नाही, करासाठी. खाजगी गाडीचा कर आपण घेतानाच एकरकमी भरतो. राज्य सोडलं की नव्या राज्याला तो पुन्हा भरायचा, नवा नंबर मिळवायचा आणि मग नव्या आरसीची प्रत घेऊन जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. आधी भरा, मग मागा. गुजरातेत कर आपल्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे तिकडून गावी परतणाऱ्याला परतावा थोडा आणि इथली भरती मोठी. मधले महिने दोन्ही सरकारांकडे पैसे अडकलेले. सुरतेत लूमवर राबून सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाने दोन सरकारांचा हिशोब आपल्या खिशातून का जुळवावा?

ना-हरकत दाखल्याचं बघा. ३० दिवसांत नकार कळवला नाही तर दाखला दिला असं समजावं, असं कलम ४८ मध्येच आहे. छान. पण ‘समजावं’ असा कागद दुसऱ्या राज्यातल्या खिडकीवर कोण घेणार भाऊ?

कोणी म्हणेल, राज्यांनी रस्ते बांधायचे कशाने? मान्य. वाहनकर हा राज्यांचा घटनात्मक हक्क आहे. पण त्याच सातव्या परिशिष्टात, समवर्ती सूचीत, वाहनकराची तत्त्वं ठरवण्याचा विषयही आहे. म्हणजे केंद्राला हात घालता येतो. आणि पैसे वाटून घेता येत नाहीत हे तर अजिबात खरं नाही. आपल्याच हायवेवरून रात्रंदिवस जाणारे नॅशनल परमिटचे ट्रक बघा. २०१० पासून त्यांच्यासाठी वर्षाला एक एकत्रित फी आहे, सुरुवातीला ती १५ हजार होती, आणि तो पैसा राज्यांत वाटला जातो. ट्रकला जमतं ते वॅगनआरला का जमू नये? ‘वाहन’ नावाच्या संगणक प्रणालीत देशभरातल्या गाड्यांच्या नोंदी आहेतच.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच सिरीज आली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. उत्तम योजना. पण ती कोणाला? सैन्यातल्यांना, सरकारी नोकरांना, सार्वजनिक उपक्रमांतल्यांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. म्हणजे ज्याची बदली साहेब करतो त्याला सोय, ज्याची बदली दुष्काळ करतो त्याला नाही. लूम कामगार, किराणा दुकानदार, मिस्त्री, स्वतःचा छोटा धंदा असलेला, हे सगळे बाहेर. माझा खरा राग इथे आहे. रोग ओळखला, औषधही सापडलं, आणि ते ओळखपत्र बघून वाटलं.

‘कोण तपासतं? चालव तशीच’ हा सल्ला गावात फुकट मिळतो. मला तो पटत नाही. त्यात कायदा पाळू पाहणारा मूर्ख ठरतो आणि बाकीचे प्रत्येक नाक्यावर परक्या नंबरमुळे धाकात राहतात. असा धाक कोणाच्या फायद्याचा असतो ते सांगायला नकोच.

माझं म्हणणं साधं आहे. बीएच सिरीज सगळ्यांना खुली करा. ते होईपर्यंत भरलेला कर गाडीबरोबर हलवा आणि वजाबाकी दोन राज्यांनी आपसात करावी. आणि बाहेरगावच्या नातेवाइकांनो, तुमची कंपनी बीएचच्या नियमात बसत असेल तर चौकशी करा, डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाडीलाही तो नंबर घेता येतो. बसत नसेल तर नवा नंबर घेतल्यावर परताव्याचा अर्ज केल्याशिवाय राहू नका. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. तो पैसा आपलाच आहे.