अवकाशातल्या भट्टीतून फोनची चिप येणार का?

२०२५ संपता संपता एक बातमी आली. वेल्समधल्या कार्डिफच्या 'स्पेस फोर्ज' कंपनीने आपल्या छोट्या उपग्रहातली भट्टी अवकाशात सुरू केली, तापमान सुमारे १००० अंश सेल्सियस. कंपनी म्हणते, तिथे बनलेले सेमीकंडक्टर जमिनीवरच्यापेक्षा ४००० पटींपर्यंत शुद्ध असू शकतात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला: गुरुत्वाकर्षणाचा चिपशी संबंध काय?

चिपचा पाया म्हणजे स्फटिक. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवतात, त्याला छोटा बीज-स्फटिक टेकवतात आणि फिरवत हळूहळू वर ओढतात. खडीसाखर दोऱ्यावर धरते, तसंच काहीसं. फक्त इथे अणूंची रांग मोडून चालत नाही.

आता चहाचं पातेलं आठवा. तळाचं गरम पाणी हलकं होऊन वर येतं, वरचं थंड पाणी खाली जातं. वितळलेल्या रसातही हेच चालतं. त्यामुळे स्फटिक जिथे गोठतो तिथलं तापमान हलत राहतं आणि मुद्दाम मिसळलेली द्रव्यं कुठे जास्त, कुठे कमी बसतात. स्फटिक कापून तपासला की झाडाच्या खोडासारखे पट्टे दिसतात.

कक्षेत गुरुत्वाकर्षण संपत नाही बरं का! तिथे सगळंच एकत्र पडत असतं, म्हणून हलकं-जड हा फरक उरत नाही आणि ही घुसळण जवळजवळ थांबते. १९७३-७४ मध्ये नासाच्या स्कायलॅबवर एमआयटीच्या हॅरी गाटोस यांच्या प्रयोगात इंडियम अँटिमोनाइडचा स्फटिक असा वाढवला, आणि त्यात ते पट्टे नव्हते. म्हणजे कल्पना पन्नास वर्षं जुनी आहे. मात्र रसाचा पृष्ठभाग उघडा असेल तर पृष्ठताणामुळे होणारं वहन अवकाशातही उरतं.

मग फोनची चिप वरून येईल? मला नाही वाटत. सिलिकॉनच्या रसाची घुसळण जमिनीवरच चुंबकीय क्षेत्राने बरीच आवरता येते, आणि ३०० मिलिमीटरच्या चकत्या कारखान्यांत रोज निघतात. गॅलियम नायट्राइडसारखे पदार्थ निर्दोष वाढवणं मात्र अजून अवघड आहे. खरी संधी तिथे आहे, म्हणजे टॉवर, चार्जर, इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये. तिथेही वरून थोडेसे बीज-स्फटिक आणून पुढची वाढ इथेच करायची, हाच हिशेब जमण्यासारखा आहे.

आणि हा उपग्रह माल घेऊन परत येण्यासाठी बनवलेलाच नाही. ४००० पटींचा दावा पारखायचा तर आधी एखादा स्फटिक खाली यायला हवा आणि त्यावर बनलेला ट्रान्झिस्टर कुणा तिसऱ्याने मोजायला हवा.