फाईल उतरवून इंजिनिअर होत नाही

थोडं लांब लिहितोय, पण ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगला पोरगं-पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

परवा बावड्यात चहाच्या टपरीवर गावातलाच एक पोरगा भेटला, तिसऱ्या वर्षाला आहे. विचारलं, कंपायलरचं प्रॅक्टिकल कसं झालं? म्हणाला, "दादा, सिनियरची फाईल होती, उतरवली. सही मिळाली." बापाने उसाच्या बिलातून फी भरली आणि पोरगा कॉपी करायला शिकला.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. दहा भाषा आणि दहा जातींच्या चिप असल्या तर शंभर कंपायलर लागतील. एलएलव्हीएमने यावर तोड काढली, ती साखर कारखान्यासारखी आहे. ऊस ८६०३२ असो की २६५, आधी त्याचा रस निघतो. रस साफ करायची यंत्रणा एकदाच बसवायची, पुढे साखर करा नाहीतर इथेनॉल. तसं सी, रस्ट, स्विफ्ट कुठलीही भाषा घाला, आधी एकाच मधल्या रूपात येते, तिथे सुधारते, मग हव्या त्या चिपसाठी निघते. शंभराचं काम वीस तुकड्यांत भागतं. आणि मधली यंत्रणा कुणी सुधारली की फायदा सगळ्यांना.

हे काम २००० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं. विद्यार्थी ख्रिस लॅटनर, मार्गदर्शक विक्रम अडवे. हे अडवे १९८७ साली आयआयटी मुंबईतून बी.टेक. झालेले. २०१२ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार या कामाला मिळाला. आज अॅपल, इंटेल, एएमडी, एनव्हिडिया सगळे हे वापरतात. बारामतीत उसाला एआय लावल्याचं आपण कौतुक करतो, पण एआयची गणितं चिपवर उतरवणाऱ्या बऱ्याच साधनांच्या तळाशीही हेच आहे.

आणि एवढं सगळं फुकट! कोड उघडा आहे, वाचा, बदला, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवा. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं, ज्याला जमेल त्याने हात लावायचा. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकरांनी जीसीसी या दुसऱ्या खुल्या कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे हे महाराष्ट्रात शिकवता येतं, शिकवलं गेलंय.

कुणी म्हणेल, यानं नोकरी लागते का? लागेलच असं मी सांगणार नाही. पण मुलाखतीत "हे तू केलंस का?" विचारल्यावर सिनियरची फाईल कामाला येत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. कॉलेजांनी फाईलचे मार्क कमी करावेत. पोराने पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, त्याचं मधलं रूप स्क्रीनवर काढून दाखवावं आणि तोंडी समजावून सांगावं. साध्या लॅपटॉपवर होतं हे. गावच्या वाचनालयात लिनक्स टाकलेले दोन जुने संगणक ठेवले तरी सुट्टीत पोरांची सोय होईल.

आणि आई-बापांनो, मार्क विचारता तसं एकदा एवढंही विचारा, "फाईल कुणाची होती?"

पटलं तर कॉलेजच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.