आधी एकदा नीट ऐका, मग दार लावा

माझा पुतण्या नागपूरला वकिली करतो. दिवाळीला घरी आला होता, तेव्हा आमची चांगलीच जुंपली. विषय निर्वासितांच्या याचिकांचा. तो म्हणाला, "काका, एकदा निकाल लागला तरी हे लोक पुन्हा नवी याचिका घेऊन येतात. कोर्टानं तेच तेच किती वेळा ऐकायचं?"

प्रश्न रास्त आहे, हे आधी कबूल करतो. पूर्वन्यायाचं तत्त्व आपल्याकडे आहेच. उच्च न्यायालयानं गुणदोष पाहून फेटाळलेलं प्रकरण त्याच कारणांसाठी पुन्हा कलम ३२ खाली आणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच सांगितलं. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज फेटाळल्यावर पुन्हा यायचं, तर खरोखर वेगळा पुरावा लागतो आणि त्यावर यशाची शक्यताही दिसावी लागते. २०२२ च्या कायद्यानं तर तिथल्या न्यायालयीन फेरतपासणीची एक वाट जवळजवळ बंदच केली.

पण मंडळी, तिथे निदान पहिला अर्ज तरी असतो! मुलाखत होते, नकाराची कारणं लेखी मिळतात. आपल्याकडे काय आहे? १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांचा नवा कायदा आला, त्यातही आश्रय मागण्याचा हक्क नाही. गृह मंत्रालयाची २०११ ची एक कार्यपद्धती आहे, पण ती सरकारी सूचना, कायदा नव्हे.

आता मे २०२५ मधलंच बघा. रोहिंग्यांच्या हद्दपारीला स्थगिती द्यायला सर्वोच्च न्यायालयानं ८ मे रोजी नकार दिला. १६ मे रोजी दुसरी याचिका आली, तेव्हा विचारणा झाली की नवीन काय आणलंय? पुतण्या म्हणतो, बरोबरच आहे. मी म्हणतो, 'पुन्हा आलात' असं म्हणण्याआधी पहिल्यांदा कुणी ऐकलं होतं ते सांगा. प्रत्येक माणसाला बसवून "परत गेलास तर तुझ्या जिवाचं काय होईल?" हे कुणी विचारलं होतं?

कुणी म्हणेल, गुरुजी, आपण काय धर्मशाळा उघडलीय? तो शब्दही मे २०२५ मध्ये याच न्यायालयात उच्चारला गेला. नाही उघडली. पण आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांना जागा सरकारच्या मर्जीनं मिळाली आणि ते चांगलंच झालं. ज्याच्यावर सरकारची मर्जी नाही, त्याला मात्र कोर्टाशिवाय दुसरं दार नाही. चकमांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. शिवाय बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकेला पूर्वन्याय लागत नाही, हे १९६६ मध्येच ठरलंय. माणूस कोंडलेला असेल तर पुन्हा ऐकावं, एवढं शहाणपण आपल्या कायद्यात आहे. मग जिवाचाच प्रश्न असेल तेव्हा ते का आठवू नये?

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. एका वर्षी वार्षिक परीक्षेत आमच्या वर्गातला एक मुलगा इतिहासात नापास झाला. "सर, मी जास्त लिहिलंय" म्हणत तो तीनदा आला. दोनदा मी तोच पेपर उघडून बेरीज दाखवली. तिसऱ्यांदा ओरडून हाकललं. पुढे गठ्ठे आवरताना त्याची पुरवणी दुसऱ्याच्या पेपरात सापडली. दोरा सुटला होता. मी बेरीज दोनदा तपासली, पण त्याचं उत्तर एकदाही वाचलं नव्हतं! तोवर पोरगं बापाबरोबर जिनिंगवर कामाला जाऊ लागलं होतं. मी घरी जाऊन त्याची माफी मागितली, त्याला परत आणलं. वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फेऱ्यांना मर्यादा घाला, जरूर घाला. पण आधी कायदा करा, प्रत्येकाला एक पूर्ण सुनावणी द्या, नकाराची कारणं लिहून द्या. आणि नंतर खरंच नवं काही हाती आलं, तर ते बघण्याइतकी फट ठेवा. त्यानंतर कुणी तेच ते घेऊन आला, तर मीही पुतण्याच्या बाजूनं बोलेन.

त्या पोराचं घर मला माहीत होतं, म्हणून मी जाऊन त्याला परत आणू शकलो. सीमेपलीकडे ढकललेल्या माणसाच्या घरी कोण जाणार?