कावीची लाली कागदावर

पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या देवळांतली कावी चित्रे जीर्णोद्धारात अनेकदा नव्या रंगाखाली जातात. त्यांचे मोठे प्रिंट काढून ठेवायचे, तर प्रिंटर घेताना आधी शाई बघा. डाय शाई उजेडात लवकर विटते, पिगमेंट शाई टिकते. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंदी घरच्या भिंतीला पुरते. दुकानात आपलाच फोटो छापून पाहा. कावीत रंग दोनच, चुन्याचा पांढरा आणि मातीचा लाल. लाल जरा बिघडला तरी खुपतो. सुती कागद आपल्या पावसाळ्यात बंद पिशवीतच ठेवा. वापरात खंड पडला की नोझलमध्ये शाई सुकते. वर्षाला दहाच प्रिंट हवे असतील, तर मी म्हणेन, प्रिंटर नकोच. बाहेर छापून घ्या. फोटो मात्र रंगारी येण्याआधी काढा.