वाटणाऱ्याची चूक

चवथीच्या जागरणात पत्त्यांचा डाव बसला आणि वाटणाऱ्याच्या हातून एखादे पान उलटे पडले, तर आपल्याकडे एकच न्याय: ‘टाक सगळी, परत पिस!’ ज्याच्या हातात बरी पाने आलेली असतात तो तेवढा कुरकुरतो. घरच्या खेळाला हे पुरते. पैसे लागलेल्या पोकरच्या टेबलावर मात्र पुरत नाही.

आता कुणी म्हणेल, गोंयकाराला याच्याशी काय कर्तव्य? फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला जायची आम्हाला बंदी आहे. बरोबर. पण तिथल्या नोकरीला बंदी नाही. पाने वाटणाऱ्यांत आपलीही मुले-मुली आहेत, आणि पान चुकले की शिव्या त्यांनाच बसतात.

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी येतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). प्रत्येक टप्प्याआधी वरचे एक पान न दाखवता बाजूला टाकतात, ते ‘बर्न’. वाटताना पहिले किंवा दुसरेच पान उघडे पडले तर वाटप रद्द. पुढचे एखादे पडले तर वाटप चालू राहते आणि ते पान बर्न म्हणून जाते. पण दोघांनी आपली पाळी खेळली आणि त्यातल्या एकाने तरी पैसे लावले, किंवा तिघांनी काहीही केले, की वाटप चुकले म्हणून डाव मोडता येत नाही. चूक कुठवर सुधारता येईल ती रेघ आधीच मारलेली. आमच्या सरकारी अपिलांच्या मुदतीसारखेच म्हणा ना!

फ्लॉपला तीनऐवजी चार पाने पडली तर? स्पर्धांसाठी २००१ साली सुरू झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे उत्तर मला फार आवडते. चारही पाने पालथी करून मिसळायची, फ्लोअरवरच्या अधिकाऱ्याने न बघता एक उचलायचे, ते पुढचे बर्न. उरलेली तीन हा फ्लॉप. चारही पाने सगळ्यांनी पाहिलेली असली तरी! ‘हेच चौथे होते’ असे कुणी शपथेवर सांगितले तरी ऐकायचे नाही, कारण तसे सांगणाऱ्याचे पैसे टेबलावर असतात.

म्हणून डीलरने करायचे एकच: हात थांबवायचा, ‘चुकले’ म्हणायचे, फ्लोअरला हाक मारायची. खरे पाप चुकीत नाही, ती गुपचूप निस्तरण्यात आहे. कचेरीत चुकलेला आकडा व्हाइटनरने पुसत नाहीत; आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे. हळूच पान मागे सरकवणारा डीलर म्हणजे व्हाइटनरवाला कारकून. पण टेबलावरचे लोक ओरडून त्याला तसे व्हायला शिकवतात, हेही तितकेच खरे.

एक नियम मात्र मला खुपतो. आपली पाने आपण सांभाळायची, वर एखादी चिप ठेवायची. नाही ठेवली आणि डीलरने चुकून ती टाकलेल्या पानांत ओढली, तर दाद नाही. लावलेले पैसे गेले. रक्कम वाढवलेली असेल आणि तिला कुणी उत्तर दिलेले नसेल, तर तेवढी परत मिळू शकते. एकदा ढिगात गेल्यावर कुठली पाने कुणाची हे खात्रीने कोण सांगणार, हे कारण मान्य. पण डीलरशेजारी बसलेल्या नवख्याला पहिल्या डावाआधी कुणी हे सांगते का? ‘नियम माहीत असायला हवा होता’ हे वाक्य काउंटरपलीकडून मी इतके ऐकले आहे की त्याची मला चीड आहे. हा नियम ठेवायचा असेल तर डीलरने तो तोंडाने सांगावा. दहा सेकंदांचे काम.

उलट, शेवटी पाने उघडल्यावर जिंकणारा हात वाचण्यात चूक झाली, तर डावात नसलेल्यानेही बोलावे असा नियम आहे. हा खरा शहाणपणा. फक्त बोलायचे ते पुढच्या डावासाठी पत्ते पिसायला घेण्याआधी. एकदा पिसायला सुरुवात झाली की तो डाव कायमचा बंद, मग पैसे चुकीच्या माणसासमोर गेलेले असोत.