भुताचे तांबे

खाणीत भूत असते का? जर्मनी आणि आजचे चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील एर्झगेबिर्गे डोंगरातील जुन्या खाणकामगारांना विचारले असते, तर त्यांनी ठामपणे 'हो' म्हटले असते.

या डोंगरात पंधराव्या शतकाच्या अखेरीस चांदी सापडली आणि १४९६ मध्ये अ‍ॅनाबर्ग हे गाव वसले. चांदी शोधताना कामगारांच्या हाती कधी कधी तांबूस, जड दगड लागे. त्यावर हिरवट थर चढलेला असे. तांबेच असणार, असे समजून तो भट्टीत टाकला जाई. तांबे मिळत नसेच. उलट लसणासारख्या वासाचा धूर निघे आणि माणसे आजारी पडत. कामगारांनी त्या दगडाचे नाव ठेवले 'कुप्फरनिकेल', म्हणजे खोडसाळ भुताचे तांबे.

या भुताचा छडा लागला १७५१ मध्ये, स्वीडनमध्ये. लोस येथील कोबाल्टच्या खाणीतील दगडांवरही असाच हिरवा थर होता. अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी तो थरच भाजला, कोळशाबरोबर तापवला आणि पांढरा, कठीण धातू मिळवला. तांबे नव्हतेच! कामगारांच्या शब्दातील 'तांबे' गळले आणि धातूचे नाव उरले निकेल. जीवघेणा धूर होता आर्सेनिकचा, म्हणजेच सोमलाचा.

निकेल व सोमल असलेल्या दगडावर हवापाण्याने चढणाऱ्या या हिरव्या खनिजाला १८५२ मध्ये अ‍ॅनाबर्ग गावावरून 'अ‍ॅनाबर्गाइट' हे नाव मिळाले. तांब्याचे हिरवे खनिज मॅलाकाइट आणि हे, डोळ्यांना सहज फसवतात. मग ओळखायचे कसे? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की मॅलाकाइट फसफसते, अ‍ॅनाबर्गाइट नाही. निकेलची खात्री करण्यासाठी रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगाएव यांनी १९०५ मध्ये शोधलेली कसोटी आहे. द्रावणात अमोनिया आणि डायमिथिलग्लायॉक्झिम घातले, की लालभडक साका तयार होतो. अंतिम निवाडा क्ष-किरणांचा. मात्र हे काम प्रयोगशाळेतच व्हावे. खनिजात सोमल असल्याने असा नमुना हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि तो मुलांपासून दूर ठेवावा.

१९४७ साली भारतात पाडलेला रुपया निकेलचाच होता. कामगारांनी ज्याला भूत म्हणून शिव्या घातल्या, ते असे घरोघरच्या खिशात खुळखुळले. भूत दगडात नव्हतेच. ते होते न ओळखलेल्या विषात.