आईचं खोकं



एरवी या सदरात मी पासवर्ड, मोबाइल, ऑनलाइन फसवणूक असं काहीबाही लिहितो. या वेळी बुटाच्या एका खोक्याबद्दल लिहायचं आहे.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना औषधांचा कागद मिळाला, सगळा इंग्रजीत. आईने तो माझ्यापुढे धरला. "कुठली गोळी कधी द्यायची, नीट सांग रे." माझा ऑफिसचा कॉल सुरू होणार होता. "दे इकडे, तुला नाही कळायचं. रात्री सांगतो," म्हणत मी कागद फ्रिजला लावून टाकला. रात्री सांगायचं राहिलं.

आई दांडिया बाजारात वाढली, शिकली मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरं तिला येतात. तिने कागद स्वतःच लावून वाचला. रक्तदाबाच्या जुन्या गोळीपुढे 'डिस्कंटिन्यू' छापलं होतं. आईला त्यातलं 'कंटिन्यू' तेवढं ओळखीचं वाटलं. मग नव्या गोळीबरोबर जुनीही चालू राहिली. तिसऱ्या दिवशी बाबा न्हाणीघरात भिंत धरून खाली बसले. डॉक्टरांना फोन केला, चूक सापडली, जुनी गोळी बंद झाली आणि दोन दिवसांत बाबा सावरले. आई मात्र आठवडाभर गप्प होती. चूक तिची नव्हतीच, पण ते तिला सांगायलाही मी उशीर केला.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला फाडफाड बोलायचं नाही. कामापुरतं वाचता आलं पाहिजे."

मी इंजिनीअर, म्हणून आधी अ‍ॅप टाकून दिलं. त्यात सफरचंद, घोडा, 'मुलगा पाणी पितो' असलं सगळं. चौथ्या दिवशी आईने फोन परत दिला. "मला घोड्याशी काय करायचंय?"

बरोबरच होतं तिचं. नवशिक्याला शब्द थोडे लागतात, पण ते त्याच्या कामाचे असावे लागतात. ऑग्डेन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं होतं. पुढे ढाक्यात शिकवून गेलेल्या मायकल वेस्टने १९५३ मध्ये नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची यादी छापली. आम्ही आईची यादी घरातूनच केली: औषधाचा कागद, गॅसचं बिल, बँकेचे मेसेज, वॉशिंग मशीनची बटणं.

त्याआधी एक खेळ केला. आई रोज बोलते ते इंग्रजी शब्द मोजायचे. कुकर, मिक्सर, रिपोर्ट, पेन्शन, टॉवेल, चेक... जेवणाची वेळ होईपर्यंत शंभराच्या वर गेले. म्हणजे पाटी कोरी नव्हतीच. 'रिपोर्ट' तिच्या तोंडात होता, फक्त छापलेला ओळखू येत नव्हता. असे शब्द पहिल्या पंधरवड्यातच वाचता येऊ लागले.

नव्या शब्दांसाठी खोकं. ही पद्धत १९७०च्या दशकात जर्मनीत झेबास्टियान लाइटनर यांनी लोकप्रिय केली. आमची आवृत्ती अशी: खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्या. दिवसाला नवे शब्द पाचच. जो येतो त्यावर वेळ जात नाही, जो छळतो तो रोज समोर येतो. आणि शब्द सुटा लिहायचा नाही. 'आफ्टर' नाही, 'आफ्टर फूड'. 'ड्यू' नाही, 'ड्यू डेट'.

'डिस्कंटिन्यू'ची चिठ्ठी आईने स्वतः लिहिली. तेव्हा मी तिला म्हटलं, आपल्याकडे कसं, शक्य-अशक्य, आवड-नावड, कायदा-बेकायदा? तसंच त्यांचं 'डिस', 'अन', 'नॉन'. "हां, नॉन-व्हेज!" आई लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "मग डिस्काउंट म्हणजे मोजायचं नाही का?" मी अडखळलो. नंतर शोधलं, तर त्या शब्दाचं मूळ खरोखरच 'मोजणीतून वजा करणं' असं निघालं. सगळीकडे हा नियम चालत नाही, हेही तिला सांगितलं.

मध्ये एकदा ती कंटाळली. मी आपल्या सयाजीराव महाराजांचा दाखला दिला. १८७५ मध्ये कवळाण्याहून इथे दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, अक्षरओळख त्यानंतरची. पुढे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकले. आई म्हणाली, "ते बारा वर्षांचे होते, मी बासष्टची. आणि त्यांना शिकवायला इलियटसाहेब होते. मला तू आहेस, तोही कॉलवर."

यावर काय बोलणार? तेव्हापासून रात्री जेवणानंतरची पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत असतो.

गेल्या महिन्यात बाबांची तपासणी झाली, नवा कागद मिळाला. मी हात पुढे केला, पण आईने तो दिला नाही. चष्मा लावून ओळ-ओळ बोट ठेवत वाचला. दोन शब्द अडले, ते विचारले. मग एका गोळीवर बोट ठेवून म्हणाली, "इफ रिक्वायर्ड म्हणजे लागली तरच ना? मग ही रोजच्या डब्यात नको." मी कागद घेऊन पाहिला. बरोबर होतं.

तुमच्याही घरात आई, आजी, काकू असतील, ज्यांच्या हातातून आपण कागद ओढून घेतो. बुटाचं खोकं सगळ्यांकडे असतंच. पहिल्या पाच चिठ्ठ्यांवर काय लिहायचं, ते मात्र त्यांनाच विचारा.